सोजराबाईचं उभ्याने तोंड धुणं

उकंडराव आणि सोजराबाई यांची पहिली भेट झाली तेव्हा नांदुऱ्याच्या बाजारात भरदुपारी अंधार पडला होता. असं उकंडराव सांगे, आणि वडनेर भोलजी या त्याच्या गावात त्याच्या सांगण्यावर कोणी शंका घेत नसे, कारण शंका घेतली की तो तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे समोरून वांग्यांचा एक डोंगर चालत आला. डोंगराच्या उतारावर मुळे उगवले होते, माथ्यावर कोथिंबिरीचं रान माजलं होतं, आणि बाजारातल्या लिंबावरच्या चिमण्यांनी आपलं बिऱ्हाड हलवून त्या रानात थाटलं होतं. डोंगराच्या सावलीला दोन म्हशी आणि एक पोलीस येऊन बसले. उकंडराव तेव्हा विशीतला, उंच, आणि कोणी ढकलल्याशिवाय हलायचं नाही अशा स्वभावाचा. तो वाटेत तसाच उभा राहिला. डोंगर त्याच्यापुढे येऊन थांबला आणि आतून आवाज आला, "काऊन बे, मानूस हाय का खांब?"

डोंगराखाली सोजराबाई होती. तिची हकिगत अर्थातच निराळी. तिच्या मते टोपलं रोजच्याएवढंच होतं, म्हशींचं तिला काही ठाऊक नव्हतं, आणि टोपल्याचा काठ डोळ्यांवर आल्यामुळे तिला उकंडरावाचे फक्त पाय दिसले होते. पाय बरे होते. पुढे घरच्यांची बोलणी होऊन लग्न ठरलं तेव्हा तिने बापाला एवढंच विचारलं, की वरचा भागही पायांसारखाच आहे का. बाप म्हणाला, "हाय. जरासा बावळट हाय, पन हाय." सोजराबाई म्हणाली, चालते.

बावळटपणाचा अंदाज बापाने कमीच सांगितला होता. उकंडरावाला मळा फार चांगला कळे. वांग्याच्या रोपाशी तो तासन् तास बोलत बसे, पण गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की तो खरं बोले. कोणी वांगं उचलून पाहिलं की हा म्हणे, "ते नका घेऊ, त्यात अळी असन." पहिल्याच महिन्यात सोजराबाईने त्याला बाजारातून उठवलं आणि मळ्यात नेऊन बसवलं. तेव्हापासून पिकवायचं त्याने आणि विकायचं तिने अशी वाटणी झाली. तीसेक वर्षं ते टोपलं तिच्या डोक्यावर राहिलं. तेवढ्या वर्षांत एक मुलगा झाला, रंगराव. त्याचं लग्न झालं, चांगुणा नावाची सून घरात आली. इंग्रज गेला, वऱ्हाडचा कारभार नागपूरहून मुंबईला गेला, महाराष्ट्र झाला. टोपलं मात्र तेच होतं, फक्त बूड दोन-तीनदा नवं बसवलं होतं.

सोजराबाईची एक रीत होती. कोंबड्याच्या आधी ती उठे, न्हाणीत जाऊन तोंड धुई, कोनाड्यातल्या आरशाच्या तुकड्यात पाहून कपाळाला मेण लावी, मेणावर कुंकू टेकवी, आणि मगच घरादाराला दिसे. बिनधुतलं, बिनकुंकवाचं तोंड घरच्या माणसांनी पाहिलं की त्या दिवशी माल खपत नाही, असं तिच्या मायने तिला सांगितलं होतं. पण खरं कारण माल नव्हतं. उठल्याबरोबरचा चेहरा म्हणजे तिला उघड्या पेटीसारखा वाटे. आत काय आहे ते कोणीही येऊन बघावं, असा. तीस वर्षांत उकंडरावाने तिचं तसं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. बायका कुंकवासकटच झोपेतून उठतात अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता ती मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. भाजी धुऊन वर येत होती. बाजूला दगडी कठडा होता, तो धरला असता तर वाचली असती. पण तिने टोपलं धरलं. पाच-सहा पायऱ्या ती पाठीवर खाली गेली आणि टोपलं तिच्या छातीवर सरळ उभं राहिलं. एक मुळा मोडला, बाकी भाजी शाबूत राहिली.

खामगावच्या डॉक्टराने पाठीचा मणका चेपल्याचं सांगितलं. पडून राहायचं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं बजावून त्याने तिला घरी पाठवलं. बजावायची तशी गरज नव्हती. दोन महिने ती ओसरीतल्या खाटेवर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून होती, आणि त्यानंतर उठली ती भिंत धरून. उभं राहता येई. थांबत थांबत चार पावलं टाकता येत. पण कमरेतून जरा वाकली की पाठीत कोणीतरी तापलेली सळई फिरवी आणि तिच्या तोंडातून जो आवाज निघे तो तिचा तिलाच ओळखू येत नसे.

आता आपल्याकडे पाण्याचा सगळा कारभार जमिनीवर. पाण्याने भरलेला गुंड जमिनीवर, त्यातून पाणी घ्यायचा गडवा जमिनीवर, मोरी तर जमिनीच्याही खाली. तोंड धुवायचं म्हणजे आधी बसावं लागतं, आणि सोजराबाईला बसवायला दोन माणसं आणि उठवायला तीन लागत. म्हणून चांगुणा खाटेवरच तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसू लागली. चांगुणा मनाने सोनं होती. हाताने मात्र ती भांडी घासणारी बाई होती. सासूचं तोंड ती पितळी गुंड उजळावा तसं उजळी. नाक मधे आलं तर नाकाचाही मुलाहिजा ठेवत नसे. मग कुंकू लावी. आणि हे सगळं दिवस वर आल्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. दूधवाला पाही. पोथी वाचायला येणारे पुराणिकबुवा पाहत. उकंडराव तर रोज पायथ्याशी उभा राहून, आपण काही मदत करतो आहोत अशा चेहऱ्याने पाही.

शेजारची झुंबरबाई रोज चौकशीला येई. कोणाचंही दुखणं तिच्या देखरेखीशिवाय पार पडू नये असं तिला वाटे. एक दिवस ती खाटेशी बसली आणि बराच वेळ सोजराबाईच्या कपाळाकडे पाहत राहिली.

"काय पाह्यतं व झुंबरे?"

"काही नाई बाई. कुंकू तुयं कानाकडं चाललं."

"कोन्या कानाकडं?"

"डाव्या. रोजच जाते. मले वाटलं तुले मालूम असन."

सोजराबाईला मालूम नव्हतं. पडल्यापासून तिने आरसा पाहिला नव्हता. म्हणजे दोन महिने ती तसल्या कपाळाने लोकांशी बोलत होती, भाव-ताव विचारत होती, सुनेला शिकवत होती. झुंबरबाई गेल्यावर तिने चांगुणाला काही म्हटलं नाही. पोरीचा काही दोष नव्हता. तिने पदराने कपाळ पुसून टाकलं आणि उकंडरावाला हाक मारली.

"अवो, ऐकलं का. मले उभ्यानं तोंड धुवायची सोय करून द्या."

"उभ्यानं?" उकंडराव म्हणाला. "उभ्यानं घोडा पानी पेते."

"मंग मले घोडा समजा. पन माह्या हातानं, मी एकटीनं, कोनी उठाच्या आंधी. बाकी मी काही मांगत नाई."

हे शेवटचं वाक्य तिने जसं म्हटलं ते ऐकून उकंडराव उठून मळ्यात गेला. तो दोन दिवस वांग्यांशीही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून कुठेसा निघून गेला.

नांदुऱ्याकडच्या सडकेवर साहेबांच्या उतरायचा एक जुना बंगला होता. तिथे उकंडराव कधीमधी भाजी पोचवी. बंगल्यातल्या मडमेच्या न्हाणीत तोंड धुवायचं एक मेज असल्याचं त्याने कधीतरी खिडकीतून पाहिलं होतं. महाराष्ट्र झाल्यावर बंगल्याला नवं सामान आलं आणि ते मेज मागच्या पडवीत कोंबड्यांच्या ताब्यात गेलं. उकंडरावाने मागितल्यावर तिथल्या खानसाम्याने हात जोडले आणि ते गाडीत चढवायला स्वतः खांदा दिला. संध्याकाळी गाडी गावात शिरली तेव्हा मागे अर्धं गाव चालत होतं.

सोजराबाईने खाटेवरूनच त्याचं दर्शन घेतलं. वर मळकट संगमरवराची फरशी, फरशीला मधे मोठं भोक, भोकात टवके उडालेलं तामचिनीचं भांडं. खाली दोन दारांचं कपाट. एक दार होतं. मागे उभा आरसा, पण त्याचा पारा असा उडालेला की पाहणाऱ्याला आपल्या अंगावर देवी आल्यासारखं वाटावं. कपाटात तीन अंडी निघाली, त्यातलं एक झुंबरबाईने लगेच तपासायला नेलं.

गावचा सुतार पुंजाजी मेजाभोवती एक फेरी मारून आला. "कायचं देवघर म्हनावं हे? आन् इतकं बुटकं काऊन?"

मडम पुढे तिवई घेऊन बसत असे, हे उकंडरावाने समजावून सांगितलं. त्याला स्वतःला त्या भांड्यात हात घालायला पार वाकावं लागत होतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मेज आणलं तीच त्यात नव्हती. पुंजाजीने सांगितलं की काही बिघडत नाही, खालून बाभळीचे पाय चढवू, फरशी वर घेऊ, आणि भोवती सागाची पट्टी मारू. "फकस्त उंची सांग. कुठलोक आनू?"

"तिच्या पोटाएवढी."

"तिचं पोट कुठलोक येते?"

"अथीच निजली हाय. मापून घे ना."

पुंजाजीच्या हातातला मापाचा गज खाली पडला. तो उचलून त्याने आधी कपाळाला लावला. "निजल्या मानसाले गज लावू? डोकं ठिकानावर हाय ना तुयं?"

"मंग उभी करतो तिले."

"उभी केली तरी दुखन्याईत ते दुखन्याईत. मी नाई लावत. शिंप्याले इचार, तो तरी लावते का."

उकंडरावाला शिंप्याला विचारायची गरज नव्हती. गावात हे लहान पोरालाही ठाऊक होतं. दुखण्यात पडलेल्या माणसाचं माप घेतलं, मग ते दोरीने घ्या की काठीने, तर ते माप एकाच कामाला येतं, आणि त्या कामाचे बांबू गावाच्या दुसऱ्या टोकाला मिळतात. उकंडरावाने विचार केला. मग तो अंगणाच्या मध्यभागी ताठ उभा राहिला आणि हाताची कड आपल्या गळ्याखालच्या हाडाला लावली.

"हे पाह्य. रंगाची माय म्हंजे इथपर्यंत. माह्या या हाडाले तिचं डोकं लागते. मंग पोट आलं इथं."

"पक्कं?"

"तीस सालापासून लागून राह्यलं. पक्कं काय? आन् चार बोटं वरच ठिव. मोठी बाई हाय ते."

खाटेवरून सोजराबाईने हे सगळं ऐकलं. तिला ठाऊक होतं. पडल्यापासून तिचं लुगडं पायात येत होतं. चांगुणा निऱ्यांचा बोंगा दरवेळी जास्त खोचून देई आणि दरवेळी म्हणे, काठ सैल झाला वाटतं आत्याबाई. काठ सैल झाला नव्हता. टेकायला ती भिंतीला उभी राही तेव्हा कोनाडा आधी नाकासमोर येई, तो आता कपाळाच्या वर गेला होता. चेपला होता तो मणका एकच की आणखी दोन-चार, देव जाणे. एक हाक मारून तिला सांगता आलं असतं, की ते माप माझं नाही.

तिने हाक मारली नाही. उकंडरावाच्या गळ्याच्या हाडाशी येणारी एक बाई त्या घटकेला अंगणात उभी होती. धडधाकट, डोक्यावर टोपलं घेऊन. तिला हाकलून द्यावं असं सोजराबाईच्या मनात येईना. तिने कूस बदलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, मग तिने डोळे मिटले.

पुंजाजीने पाय चढवले, फरशी वर नेली, पट्टी मारली. पुढे प्रश्न आला रंगाचा. पुंजाजीचं म्हणणं, साहेबी वस्तू आहे, नुसती पॉलिश मारावी. झुंबरबाईचं म्हणणं, मोरपिशी. उकंडरावाने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ काढला. त्यात घाण्यावरचं जवसाचं तेल ओतलं, काठीने ढवळलं, आणि सगळं मेज वरपासून खालपर्यंत बैलाच्या शिंगासारखं लालभडक केलं. दिसलं मोठं झोकात. मात्र शिंगांचा रंग दिवसभरात वाळतो, कारण बैल उन्हात हिंडतो. मेज हिंडत नाही. त्यातून महिना भादव्याचा. आठ दिवस झाले, पंधरा झाले, रंग जसाच्या तसा ओला.

मेज पाहायला कोण कोण येऊन गेलं हे आता गावात लपून राहीना. कोणाच्या कोपराला लाल, कोणाच्या कानाला लाल. पंचायतीचे मेंबर भाऊराव, ज्यांनी असल्या शौकापायी पैसा आणि वेळ घालवणाऱ्यांबद्दल पारावर कडक भाषण केलं होतं, ते भाषण संपवून उठले तेव्हा त्यांच्या धोतरावर मागच्या बाजूला मेजाचा एक कोपरा स्पष्ट उमटलेला होता. महालक्ष्म्यांना जेवायला आलेल्या बायका तळहात लपवून जेवल्या. एक बकरी महिनाभर सवाष्णीसारखी हिंडत होती.

या सगळ्यात हसण्याचे आवाज सोजराबाईपर्यंत येत, आणि तीही हसे. पण हसलं की पाठ दुखे, म्हणून थोडं हसे. कळ आता पाठीतच राहत नव्हती. डाव्या पायात उतरली होती. भाकरी अर्धी राहू लागली, मग पाव. खाटेच्या सुंभाने पाठीवर वळ उठले, वळांची पुढे चिघळून जखम झाली, आणि चांगुणा ती धुताना तोंड दुसरीकडे वळवी. सोजराबाई रोज सकाळी फडक्याखाली डोळे मिटून घेई आणि फडकं बाजूला झालं की विचारी, "वाळलं का व?"

"नाई आत्याबाई. आज जरासं चिकट हाय."

नवरात्राच्या तोंडाशी रंग बोटाला लागेनासा झाला. पडवीच्या कोपऱ्यात मेज उभं केलं, भोवती कुडाचा आडोसा केला, भांड्याखाली पाणी झेलायला बादली ठेवली. चांगुणाने आणि उकंडरावाने सोजराबाईला धरून आणलं. बाहेर झुंबरबाई, पुंजाजी आणि ज्यांच्या अंगावरचे डाग अजून गेले नव्हते असे पुष्कळजण उभे होते.

सोजराबाई मेजासमोर उभी राहिली. संगमरवराची फरशी तिच्या गळ्याशी आली. हात भांड्यात घालायचे तर खांद्याच्या वर उचलावे लागत होते. आरशात तिचा भांग दिसत होता, बाकी काही नाही.

मग मागून झुंबरबाईचा आवाज आला, "अगं बाई, मेजावर भोपळा ठिवल्यावानी दिसते." एक-दोघे हसले आणि लगेच मागे सरकले.

"पुंजाजी," उकंडराव म्हणाला, "मेज वाढलं काय रे? वल्या हवेनं लाकूड फुगते म्हनतेत."

"फुगते," पुंजाजी म्हणाला. "हातभर नाई फुगत."

उकंडराव बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिला धरायला म्हणून नव्हे. त्याला काहीतरी पाहायचं होतं. त्याने हात गळ्याच्या हाडाला लावला आणि हळूहळू खाली आणला, छातीवरून, आणखी खाली, तेव्हा कुठे तो तिच्या डोक्याला टेकला. तो तसाच ठेवून उभा राहिला. सोजराबाईला त्याच्या हाताचं वजन जाणवलं.

"तुले मालूम होतं?" त्याने विचारलं.

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इतकं मन लावून सांगून राह्यलते," ती म्हणाली. "मी म्हनलं, सांगू द्या."

पुंजाजीने पाट आणला. पाटावर उभं राहिलं की झालं. सोजराबाईने पाय उचलला, तो वीतभरही वर येईना, आणि तोल गेला. चांगुणाने कवेत धरलं म्हणून पडली नाही, पण ती किंचाळली ती मळ्यापर्यंत ऐकू गेली असेल. बघायला आलेली माणसं खाली मान घालून निघून गेली. उरला तो एकच उपाय, मेजाचे पाय कापायचे. आणि त्यासाठी पुन्हा माप.

"दसरा होऊ द्या वयनी," पुंजाजी म्हणाला. "तुमी बऱ्या व्हा, हिंडाफिराले लागा, मंग मी खुशाल मापतो."

"भाऊजी, गज आना अथी."

"मले नका लावू ते कराले."

"तुमी माप नाई घेतलं म्हनून मी काय मरत नाई का? आन् मापानं मानूस मरत असता तं गावातल्या शिंप्याले कव्हाच फाशी झाली असती."

पुंजाजीला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्याचा चेहरा फार विचित्र झाला. तो गज पुढे करीना आणि मागेही घेईना. शेवटी सोजराबाईनेच हात लांबवून तो घेतला. एका टोकाने जमिनीवर टेकवला, पोटाशी उभा धरला, आणि जिथे हात सुखाने टेकतील तिथे अंगठ्याचं नख रोवलं. "घ्या. तुमी नाई लावला. मी लावला." पुंजाजीने डोळे मिटून गज तिच्या हातातून घेतला आणि नखाच्या जागेवर आपला अंगठा ठेवून, तो अंगठा न हलवता, दारातून निघून गेला. वाटेत त्याला दोघांनी रामराम केला, तो त्याने घेतला नाही.

मेजाचे पाय त्याने त्याच दिवशी कापले. हातभर लांबीचे चार लाल ठोकळे निघाले, ते चांगुणाने चुलीत घातले.

दसरा उलटल्यावर एका पहाटे सोजराबाईने सुनेला उठवलं. चांगुणाने भांड्यात कोमट पाणी ओतलं, चिमणी लावून आरशाशी ठेवली, मेणाची आणि कुंकवाची डबी फरशीवर मांडली, सासूला धरून आडोशात आणलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

"दूर जाय," आतून आवाज आला.

"पडान तुमी."

"पडली तं आवाज येईनच. जाय."

चांगुणा चुलीपाशी गेली. सोजराबाईने डाव्या हाताने मेजाची कड धरली. अजून जरा चिकट होती. उजव्या हाताने पाणी घेतलं. पहिली ओंजळ तोंडापर्यंत पोचलीच नाही, सगळी छातीवर सांडली. दुसरी हनुवटीला लागली. तिसऱ्या वेळेस तिने कड सोडली, दोन्ही हात भांड्यात घातले आणि पाणी तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. पाणी नाकात गेलं, गळ्यावरून चोळीत उतरलं. तिने डोळे धुतले, कानामागे धुतलं, मान धुतली. इतक्या दिवसांत तिच्या चेहऱ्याला तिची स्वतःची बोटं लागली नव्हती. हाडं कुठे कुठे वर आली आहेत हे बोटांना आधी कळलं.

मग तिने आरशात पाहिलं. पारा उडालेल्या जागा सोडून उरलेल्या काचेत कोणी एक म्हातारी होती. गालफडं बसलेली, केस निम्मे गेलेले. सोजराबाई तिच्याकडे बाजारातल्या अनोळखी बाईकडे पाहावं तशी पाहत राहिली.

"कोन व तू?" तिने हळूच विचारलं.

सोजराबाईने मेणाची डबी उघडली. नेम चुकू नये म्हणून तिने कोपर फरशीवर टेकलं, आणि त्या म्हातारीच्या कपाळाला, दोन भुवयांच्या बरोबर मधे, आधी मेण लावलं आणि मग कुंकू. कुंकू इकडे नाही, तिकडे नाही. तिने मान तिरपी करून दोन्ही बाजूंनी खात्री केली. मग पदराने तोंड टिपलं आणि जरा मोठ्याने म्हणाली, "हं. या आता."

पहिला आला तो उकंडराव. तो बाहेरच कुठेतरी दम धरून उभा असावा. आडोशाच्या तोंडाशी थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं असं दिसलं, पण नेहमीप्रमाणे त्याच्या तोंडून निघालं ते खरं.

"लय बारीक झाली तू."

"मालूम हाय," सोजराबाई म्हणाली. "कुंकू कसं हाय ते सांगा."

"सरळ हाय."

"मंग झालं."

दिवाळीपर्यंत ती बहुतेक पहाटे त्या मेजापुढे उभी राहिली. दिवाळीनंतर तिला उभं राहता येईना. पौषात ती गेली. मेज आता गोठ्यात आहे आणि त्यावर बैलांना घालायची ढेप ठेवतात.